तळेऱ्याची सून

भावानं फोनवर एकदाच सांगितलं, पण नीट सांगितलं. "ह्या बारीला एकटी आलीस तर तुझी नोकरी राहिली. नाही जमलं तर मी येतो न्यायला, पण मग गाठोडं बांधूनच निघायचं. पुन्हा त्या समुद्राचं नाव काढायचं नाही."

त्याचं चुकत नव्हतं. मी जालन्याकडच्या खेड्यातली. शाळा सातवीत सुटली. तीन वर्षांपूर्वी ओळखीतल्या ओळखीनं इथं आले, विजयदुर्गाकडच्या एका गावात, एका काकींच्या घरी. घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या, पडवीत चार टेबलं, आणि स्वयंपाकघरात काकी आणि मी. पहिल्या वर्षी घरी जायला म्हणून एकटी निघाले ती कणकवलीच्या स्टँडवर जाऊन जी बसले ती बसलेच. कोणती गाडी, कुठून सुटते, कुणाला विचारावं आणि कुणाला मुळीच विचारू नये, ह्या हिशेबात सकाळची दुपार झाली. शेवटी रडत भावाला फोन लावला. तो पनवेलला एका गोदामात कामाला आहे. खाडा करून आला, घेऊन गेला, आठ दिवसांनी पुन्हा खाडा करून सोडून गेला. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी त्यानं तरी का यावं?

आणि मला तर इथंच राहायचं होतं. इथं माझी एक खोली आहे, तिला आतून कडी आहे, आणि ती लावायची की काढायची हे मी ठरवते. (लावल्यावर मी ती तीनदा तपासते, ती गोष्ट वेगळी.) काकींनी मला घावणे शिकवले, सोलकढी शिकवली, माशाच्या डोळ्यांत बघून तो कधीचा आहे ते ओळखायला शिकवलं. जेवून उठलेले पाहुणे "हे कुणी केलं?" म्हणून आत डोकावतात तेव्हा काकी माझ्याकडं बोट दाखवतात. सातवी नापास झालेल्या पोरीकडं लोक ह्या कारणानं बोट दाखवतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

तर वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भावाकडं पनवेलला आले आणि माझं जाणं ठरलं. सकाळी गावातून कणकवलीची एसटी, नांदगावला उतरायचं, तिथून पॅसेंजर, संध्याकाळी पनवेल. पॅसेंजर चुकली की भावाला फोन, आणि फोन म्हणजे गाठोडं. इतकं सोपं होतं.

मी पंधरा दिवस तयारी केली. फोनवरच्या व्हिडिओत एक बाई एकट्या बाईच्या प्रवासाबद्दल फार छान बोलते. तिचं सगळं मी पाठ केलं. कंडक्टरच्या जवळ बसा. आपण कुठं आहोत ते घरच्यांना फोनवर दिसेल असं करून ठेवा. आपण एकटे आहोत हे अनोळखी माणसाला सांगू नका. कुठं उतरणार तेही सांगू नका. आपण इथलेच आहोत असं दाखवा. गरज पडली तर सांगा, नवरा पोलिसात आहे.

ह्याशिवाय मी स्वतःच्या अकलेनं दोन सेफ्टी पिना, एक शिट्टी आणि लाल मसाल्याची एक पुडी घेतली. पुडी बांधताना काकींनी पकडलं.

"गो, तू बापाशीक बघूक चललंस, की लढाईक?"

"काकी, कुणी अंगावर आलं तर डोळ्यात टाकायला."

"ह्यो माझो मसालो आसा! सोळा जिनसांचो! इतको बरो मसालो कोणा मेल्याच्या डोळ्यात घालतंस? भावाक दी तुझ्या, कोंबड्याक घालीत." मग जवळ बसून त्यांनी मला रस्ता पाठ करायला लावला. "तळेऱ्याक गाडी धा मिनटा थांबता. थंय उतरू नको. चाय नको, पाणी नको, काय नको. नांदगावाक नाक्यार उतर आणि स्टेशनाक रिक्षा कर. काय करशीत?"

"तळेऱ्याला उतरणार नाही. नांदगावला उतरणार."

"शाणी गो बाय माझी ती."

सकाळी गाडीत बसले तेव्हा कंडक्टरच्या मागचीच सीट मिळाली. नांदगावचं तिकीट घेतलं, पिशवी मांडीवर, शिट्टी मुठीत. दोन थांब्यांनंतर एक पन्नाशीची बाई चढली आणि धपकन माझ्या शेजारी बसली. हातात ओल्या काजूगरांची पिशवी, तोंडात पान. लेकीकडं दोन दिवस राहून परत घरी निघाली होती. हे मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. आणि मग माझी पाळी आली.

"तू खंय जातंस गो?"

आता बघा. नांदगाव म्हणायचं नव्हतं, कारण तिथं मी खरंच उतरणार होते. मला रस्त्यातलं दुसरं एकच नाव पाठ होतं.

"तळेऱ्याला."

"तळेऱ्याक? कोणाकडे?"

"सासर आहे माझं," मी म्हणाले. इथलीच आहे असं दाखवायचं होतं ना.

बाईनं काजूगरांची पिशवी खाली ठेवली. पान गालात सरकवलं. "मी तळेऱ्याचीच. कोणाची गो तू?"

आमच्याकडं असं नसतं. आमच्याकडं गाडीत कुणी गावाचं नाव सांगितलं की समोरचा "हां हां" म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. इथं गावाचं नाव म्हणजे नुसती सुरुवात. मग वाडी, मग घर, मग घरातला कितवा मुलगा, मग त्याची आई कुठल्या गावची, असं करत करत ते तुम्हाला एखाद्या खुंटीला टांगल्याशिवाय सोडत नाहीत. तीन वर्षं पडवीत पाहुण्यांना वाढताना मी हे रोज बघत होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

"वरच्या वाडीतली," मी म्हणाले. म्हटलं प्रत्येक गावात एक तरी वाडी वर असणारच.

"वरच्या वाडीत घरा आसत चार. त्यातला खंयचा?"

पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मान वळवली. "चार नाय, पाच. एक बंद आसा."

"बंद घरात सून खंयसून येतली? तुमी पुढे बघा." बाई पुन्हा माझ्याकडं वळली. "घोव काय करता तुझो?"

"पोलिसात आहेत. मुंबईला."

मला वाटलं, आता तरी गप बसतील. पोलीस म्हटल्यावर माणूस जरा दबतो असं फोनवरची बाई म्हणाली होती. पण शेजारच्या बाईनं आजोबांकडं पाहिलं, आजोबांनी तिच्याकडं पाहिलं, आणि तिनं माझ्या मांडीवर अशी थाप मारली की शिट्टी खाली पडली.

"गो बाय माझे! तू ती?"

"कोण ती?" आजोबांनी विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं.

"अहो, वरच्या वाडीतलो तो पोलीस! घाटावरचा चेडू केल्यान तो! लग्नाक कोणाक बोलवूक नाय, आवशीक सुद्धा सांगूक नाय. वर्ष झाला, सुनेन अजून उंबरो बघूक नाय. ती ही!"

"मी ती नाही," मी म्हणाले.

"बोलणा आयका हिचा. घाटावरचाच."

ते मात्र खरं होतं, घाटावरची पोरगी मी होतेच. मी खोटं बोलत होते आणि पुरावे सगळे खरे निघत होते.

"मंगळसूत्र खंय?" बाईनं माझा गळा तपासला.

"चोरांची भीती... पिशवीत ठेवलंय."

"बरा केलंस. आणि जोडवी?"

"पाय सुजलेत."

तिनं आणि आजोबांनी माझ्या पायांकडं पाहिलं. मग माझ्या पोटाकडं पाहिलं. मग एकमेकांकडं बघून समजूतदारपणे माना हलवल्या. माझ्या तोंडून आता एक शब्दही काढायची मला भीती वाटायला लागली, कारण जो निघत होता त्याला लगेच पालवी फुटत होती.

तेवढ्यात कंडक्टर मागं वळले. "ताई, तुमचं तिकीट तर नांदगावचं आहे."

"आधी नांदगावला जायचंय," मी घाईनं म्हणाले.

"सासर सोडून पुढे?" बाईचा आवाज गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत गेला. "वर्षान इलंस आणि घरावरसून पुढे जातंस? ता काय नाय. तुझी सासू स्टँडारच बसता, नारळ-केळी घेऊन. तुका तिच्या हातात देतंय आणि मगेच घराक जातंय."

आणि तिनं फोन लावला. माझ्यासमोर, मोठ्यांदा, जसं इथं सगळेच बोलतात तसं. "गो, थंयच बसून रव. तुझी सून गाडीत आसा... होय, होय, माझ्या बाजूक. गोरी? नाय गो, सावळी. पण नाकान बरी आसा."

मागच्या सीटवरून कुणीतरी उठून माझं नाक बघून गेलं.

खरं सांगून टाकावं असं माझ्या दहादा मनात आलं. पण सगळ्या गाडीसमोर "मी खोटं बोलले, मी एकटी आहे" म्हणायचं? पंधरा दिवस जे कुणाला सांगायचं नाही म्हणून घोकलं, तेच चाळीस माणसांना एकदम सांगायचं? आणि नाही सांगितलं तर ही बाई मला दंड धरून उतरवणार, मी वरच्या वाडीतल्या कुणाच्या तरी ओसरीवर चहा पीत बसणार, पॅसेंजर जाणार, आणि संध्याकाळी भावाला फोन करून सांगणार की दादा, मला न्यायला ये, मी सासरी आहे.

तळेरे आलं. गाडी थांबली. गाडीतली माणसं उतरेनात. काहीजण तर उतरून पुन्हा चढले, चांगली जागा धरून उभे राहिले. आणि मागच्या दारानं ती आली. साठीची, उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लोकांनी वाट करून दिली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि बघत राहिली.

मला दुसरं काही सुचलं नाही. उठले आणि तिच्या पाया पडले. निदान खाली वाकल्यावर तोंड तरी कुणाला दिसत नाही.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, वाकली, आणि कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तू माझी सून न्हय. तिचो फोटो माझ्याकडे आसा."

"चुकलं माझं," मी तशीच वाकून पुटपुटले.

"खंय जातंस? खरा सांग."

"पनवेलला. वडलांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. नांदगावची पॅसेंजर चुकली तर भाऊ मला परत कामावर येऊ देणार नाही."

त्या दिवसात मी पहिल्यांदा खरं बोलले ते असं, एका परक्या बाईच्या पायांशी, तिच्या चपलांना बघून. तिनं दोन क्षण विचार केला. मग मला खांद्याला धरून उठवलं. उठवता उठवता तोंड न हलवता म्हणाली, "वर्षभर सगळ्यांका सांगतंय, येतली, येतली. हसतत माका. आज इली. कळला? आता गप रव आणि हास."

मी हसले. आणि ती साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "किती बारीक झालंस गो!"

मागच्या बाजूला दोन-तीन बायकांनी "अगो बाय गो" केलं. शेजारच्या बाईला तर मुलीचं लग्न लावून दिल्यासारखा आनंद झाला होता. "उतर, उतर, घराक चल," म्हणत तिनं माझी पिशवी उचललीसुद्धा.

"ठेव ती," सासू म्हणाली. आता मी तिला सासूच म्हणते. "ती घराक येणा नाय आज. बापाशीचा डोळ्याचा ऑपरेशन आसा पनवेलाक, थंय जाता. माका म्हायत आसा. फोन केलेल्यान माका रात्री."

"आणि आमका सांगूक नाय?" बाई दुखावली.

"तुका सांगलंय काय आणि गावच्या भोंग्यार सांगलंय काय, एकच."

गाडी हसली. मला वाटलं, सुटले. पण सासू तर आता रंगात आली होती. "पण पयल्यांदा दिसली, तर ओटी भरल्याशिवाय सोडूचंय नाय."

कंडक्टरांनी घड्याळ पाहिलं. "आजी, ह्यांना पॅसेंजर गाठायची आहे. ती कुणासाठी थांबायची नाही."

"मगे तू थांब."

ती उतरली. खिडकीतून दिसत होतं, ती आपल्या छत्रीखालच्या ढिगातला एकेक नारळ कानाशी हलवून बघत होती. एक ठेवला, दुसरा घेतला, तोही ठेवला. बाई, कुठलाही घे गं, मी मनात म्हणत होते, आतलं पाणी तुझ्या खऱ्या सुनेला ऐकव. शेजारच्या दुकानातून ओंजळभर तांदूळ आले. खण कुठून आणणार? म्हणून त्याच दुकानातला एक चौकटीचा हातरुमाल आला, पुरुषांचा. ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन दारात उभे राहून बघायला लागले. आजोबा त्यांना समजावत होते, "पयली ओटी आसा, जरा दम धरा."

मी ओढणी पसरली. सासूनं कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ घातला, वर तो रुमाल, आणि वरून केळ्यांची एक फणी, कारण प्रवासात खायला काहीतरी हवं. मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते की ती हसू दाबत होती, मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र रडू येत होतं, आणि ते नाटकातलं नव्हतं. माझ्या आईला जाऊन सात वर्षं झाली. ओटी माझी कुणी कधी भरलीच नव्हती.

"खरी येईल तेव्हा काय सांगाल?" मी कुजबुजले.

"सांगीन, केस कापल्यान, म्हणान वेगळी दिसता." मग ती कंडक्टरांकडं वळली. "माझे सुनेक नांदगावाक रिक्षात बसवन दी. नायतर उद्या गाडी आडवून धरतंय."

शेजारची बाई तिथंच उतरली. गाडी हलली तरी ती खिडकीखाली चालत सांगत होती, "पाय सुजलेत ता डॉक्टराक दाखय गो!"

तळेऱ्यापासून नांदगावपर्यंत मी राणीसारखी गेले. आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि कुणालाच बसू देईनात. ड्रायव्हरनी हायवेवर जी गाडी पळवली, तशी मी त्या गाडीला पळताना कधी पाहिली नव्हती. नांदगावच्या नाक्यावर कंडक्टर स्वतः खाली उतरले, रिक्षावाल्याला हाक मारली आणि म्हणाले, "तळेऱ्याची सून आहे. पॅसेंजर गाठून दे." रिक्षावाल्यानं तोंडातलं थुंकलं आणि कोणाची, कुठल्या वाडीतली, हे न विचारता रिक्षा सोडली. एवढ्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी राहीन.

मी फलाटावर पाय ठेवला आणि दोन मिनिटांत गाडी आली. ओढणीत नारळ, हातात केळी, कपाळावर मळवट. बायकांच्या डब्यात चढले तेव्हा तिथल्या बायका सरकून बसल्या आणि एकीनं विचारलं, "माहेरी चाललात?" मी हो म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

रत्नागिरी गेल्यावर मी काकींना फोन करून सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. मग चिडल्या. "अगो, माझ्याकडे कामाक आसंय म्हणान सांगूचा! तळेऱ्याची अर्धी माणसा माझ्याकडे जेवून गेली हत. तुका हातावर झेलल्यानी असती." हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पंधरा दिवस मी खोटी माणसं जमवत होते, आणि खरी होती ती मोजलीच नाहीत. फोनवरची बाई चुकीचं सांगते असं मी म्हणणार नाही. मुंबईत तिचं सगळं बरोबरच असेल. तिला बसमध्ये कुणी "खंयच्या वाडीतली" असं विचारत नसेल, इतकंच.

पनवेलला भाऊ पुलाच्या जिन्याशी उभा होता. त्यानं आधी माझ्या मागं बघितलं, कुणी सोबत आहे का ते.

"कुणासंग आलीस?"

"एकटी."

"खरं सांग."

"तिकीट बघ. एकच आहे."

त्यानं खरंच बघितलं. मग त्याची नजर माझ्या ओढणीवर गेली. "अन् हा नारळ?"

"सासूनं ओटी भरली," मी म्हणाले, आणि जिना चढायला लागले. पंधरा-वीस पायऱ्या तो मागून नुसता "कोण सासू? अगं कोण सासू?" करत आला. मी वर पोचेपर्यंत काही बोलले नाही. तीन वर्षं त्यानं मला जे ऐकवलं होतं, त्याच्या मानानं हे काहीच नव्हतं.

आठ दिवसांनी वडलांच्या डोळ्याची पट्टी निघाली. मला परत सोडायला भाऊ स्टेशनवर आला. तिकिटाच्या खिडकीशी जाऊन सवयीनं म्हणाला, "नांदगाव, दोन." मग थांबला, माझ्याकडं वळून बघितलं आणि म्हणाला, "एक. एकच द्या."

गाडीत बसवून तो खिडकीशी उभा राहिला. पिशवी पायाशी ठेव, दाराजवळ जाऊ नको, कुणी दिलेलं खाऊ नको, झोपू नको, नांदगावच्या आधीच उठून उभी राहा. गाडी हलली तरी फलाटावरून चालत चालत सांगतच होता. मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाले, "दादा, तू नीट घरी जा. पोचलास की मला फोन कर."